काट्याच्या साहेबांची अळंबी

साहेब वजनमापे खात्यात निरीक्षक होते. म्हणजे दुकानात न सांगता शिरायचं, तराजूच्या एका पारड्यात आपल्या पेटीतलं पितळी वजन ठेवायचं, दुसऱ्यात दुकानदाराचं ठेवायचं आणि काटा मध्ये येतो का ते बघायचं. आला तर वजनावर शिक्का, नाही आला तर वजन जप्त. या दोन शक्यतांपलीकडे जगात काही असतं असं त्यांना नोकरीभर वाटलं नाही, आणि वाटायची गरजही पडली नाही. गल्लीत त्यांना 'काट्याचे साहेब' म्हणत, तोंडावर नुसतं 'साहेब'. त्यांची बायकोही चारचौघांत 'साहेब' असाच उल्लेख करायची; मात्र तिच्या उच्चारात काहीतरी वेगळं असायचं. ते कोणत्या कलमाखाली बसतं हे साहेबांना कधी ठरवता आलं नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घर तपासायला घेतलं. दुधाचं माप, भिंतीवरचं घड्याळ, पिठाचा चमचा. बायकोने, म्हणजे बाईंनी, काही दिवस सोसलं. मग एका सकाळी पिठाचा डबा त्यांच्यापुढे ठेवून म्हणाल्या, "अहो, एक तर जप्त करा, नाहीतर बाहेर जाऊन बसा." साहेब बाहेर जाऊन बसले.

बाहेर म्हणजे घरामागची बाग. बागेत लोखंडी बाक, कपडे वाळत घालायची तार आणि ओकचं एक मोठं झाड. झाडाखाली काहीच नीट उगवत नसे, त्यामुळे तपासण्यासारखंही काही नव्हतं. साहेब ती मोकळी जमीन बघत बसत. याच काळात जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्यांना जंगलातल्या अळंब्यांवरचं एक पुस्तक मिळालं. त्यातली चित्रं काळी-पांढरी होती, पण लेखक ठाम होता. ठाम माणसांबद्दल साहेबांना आधीपासून आदर होता.

पुस्तकात एका अळंबीचं फार कौतुक होतं. तपकिरी टोपी, जाड दांडा, टोपीखाली पापुद्र्यांसारख्या पडद्यांऐवजी स्पंजासारखी बारीक छिद्रं. जंगलाकडचे लोक तिला 'राणी' म्हणत. राणी दुकानातल्या पांढऱ्या अळंबीसारखी भुशाच्या पिशवीत वाढत नाही. तिला जिवंत झाडाची मुळं लागतात. झाड तिला साखर पुरवतं, ती झाडाला पाणी आणि क्षार. घरजावयासारखीच व्यवस्था, फक्त दोन्ही बाजू समाधानी. ओकखाली उगवलेली राणी आणायची, चांगली पिकलेली, टोपी मऊ पडलेली. ती पावसाच्या पाण्यात कुस्करून भिजत घालायची आणि ते पाणी घरच्या ओकच्या मुळांवर ओतायचं. वरून पालापाचोळा पांघरायचा, जमीन सुकू द्यायची नाही, आणि पुढच्या किंवा त्याच्याही पुढच्या पानगळीपर्यंत वाट बघायची.

एक भानगड होती. राणीच्या शेजारीच, तशीच टोपी, तसाच दांडा आणि तोच रुबाब घेऊन आणखी एक अळंबी उगवते. तिला 'नणंद' म्हणत. नणंद विषारी नसते. ती नुसती कडू असते, पण इतकी की तिचा एक तुकडा अख्ख्या पातेल्याची वाट लावतो, आणि शिजवली की कडूपणा निवळायच्या ऐवजी चढतो. ओळखायची खूण अशी, की पिकल्यावर राणीची खालची बाजू हिरवट-पिवळी होते आणि नणंदेची गुलाबी. तरीही शंका वाटली तर छोटा तुकडा जिभेला लावून थुंकून टाकायचा.

जंगलात साहेबांबरोबर मेहुणा गेला, म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ. त्याची स्टेशनमागे खानावळ होती आणि तो कुठेही जायला तयार असे, कारण खानावळ त्याची बायको चालवायची. ओकच्या झाडीत त्यांना अर्धी टोपली भरेल इतक्या पिकलेल्या अळंब्या सापडल्या. मेहुण्याने एक उलटी करून पाहिली.

"भाऊजी, ही खालून गुलाबी दिसतेय."

"रंगावर जाऊ नका."

"पुस्तकातच लिहिलंय, गुलाबी असली तर नणंद."

"मेहुणे, वजनाला खालून भोक पाडतात, आतलं शिसं काढतात, मेण भरतात आणि वरून रंग देतात. रंग बघून मी आयुष्यात एकही वजन पास केलेलं नाही." साहेबांनी तुकडा तोडला, जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि थुंकले. "गोड आहे. बदामासारखी."

"मी बघू का जरा?"

"एकाच वजनाला दोन निरीक्षक लागत नाहीत."

खरं म्हणजे मेहुण्याने तरीही चाखायला हवं होतं. पण बहिणीच्या नवऱ्याच्या हातातला घास ओढून तपासायचा म्हणजे त्यांच्या घरात साध्या वादाची गोष्ट नव्हती. ते वर्षभर पुरलं असतं. त्याने निमूटपणे टोपली धरली. साहेबांनी प्रत्येक अळंबी चाखली आणि प्रत्येक पास केली. परतताना वाटेत जंगलखात्याचा पहारेकरी भेटला. साहेबांनी त्याला टोपली दाखवून विचारलं, यात विषारी काही आहे का. तो म्हणाला, "नाही. खाऊन कोणी मरणार नाही." त्याला तेवढंच विचारलं होतं.

पाणी ओतलं गेलं. पुढचं वर्षभर बाईंना त्या झाडाखाली झाडू न्यायला बंदी होती. साहेब वाळल्या पानांवर झारीने पाणी घालत. शेजारच्या शिंपिणीने कुंपणावरून विचारलं, "वाळलेली पानं पुन्हा हिरवी होतात का हो, साहेब?" साहेबांनी तिला मुळांची व्यवस्था समजावून सांगितली. तिने पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या पानगळीत पानांखालून तपकिरी टोप्या वर आल्या. साहेबांनी बाईंना हाताला धरून बाहेर नेलं. हे लग्नानंतर फारसं घडलेलं नव्हतं. साहेब वाकून बघत राहिले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू तपासल्या होत्या. स्वतः केलेली अशी ही पहिलीच होती. "आल्या," एवढंच म्हणाले.

बाईंनी त्या लोण्यावर परतल्या, मीठ-मिरी घातली आणि पावाबरोबर वाढल्या. पहिला घास तोंडात गेला आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"इतकी आवडली?" साहेब म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. साहेब शांतपणे खात होते. बाईंना वाटलं, हा हट्ट आहे. कळलंय यांना चांगलं, पण कबूल करायचं नाही. मी आधी बोलावं म्हणून वाट बघतायत. अशा सामन्यांचा बाईंना जुना सराव होता. त्यांनी दुसरा घास घेतला. साहेबांनी आणखी वाढून घेतलं. बाईंनीही घेतलं. ताटं स्वच्छ झाली. कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच, ही म्हण बाईंनी त्या जेवणात मनातल्या मनात बऱ्याच वेळा म्हटली असावी. पण हार कोणीच मानली नाही. एकाला हार कशाची मानायची हेच माहीत नव्हतं, हे बाईंना तेव्हा कळायला मार्ग नव्हता.

तो हंगाम असाच गेला. पुढच्या हंगामात एका सकाळी बाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी भांडी घासत होत्या. साहेब ओकखाली उकिडवे बसलेले, पाठ अर्धी खिडकीकडे. त्यांनी एक कोवळी अळंबी उपटली, माती पुसली, कडेचा तुकडा मोडून तोंडात टाकला. थुंकले नाहीत. चावत बसले. मग स्वतःशीच हसले आणि दुसरा तुकडा मोडला.

तिथे बघायला कोणी नव्हतं. हट्ट करायला समोर माणूस लागतो.

बाईंच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. एकेक गोष्ट जागेवर बसू लागली. उकळून उकळून काळी झालेली कॉफी साहेब का पितात. तापात डॉक्टरांचं ते कडूजहर हिरवं औषध चहासारखं का प्यायचे. त्या औषधाच्या वेळी बाई त्यांना मनातून शूर समजत आल्या होत्या, आणि इतक्या वर्षांचा तो गैरसमज असा भांडी घासताना उतरणं त्यांना जरा जड गेलं. पण त्याच जागी दुसरं काहीतरी आलं. तो चेहरा त्यांनी पूर्वी पाहिलेला नव्हता. त्या दिवशी बाईंनी अळंबी परतली, वाढली आणि खाल्ली. आता जिंकायला नव्हे.

त्यांनी तेव्हाच सांगितलं असतं तर पुढचं टळलं असतं. पण साहेबांचं पीक वाढलं आणि ते गल्लीत वाटायला निघाले. किराणावाला, शिंपीण, कोपऱ्यावरचा औषधवाला. सगळ्यांची वजनं किंवा मापं साहेबांनी कधी ना कधी जप्त केलेली. सगळ्यांनी अळंबी घेतली, आणि दुसऱ्या दिवशी साहेब अभिप्राय घ्यायला गेले. शिंपीण म्हणाली, विसरता येणार नाही अशी होती. औषधवाला म्हणाला, थोडीशीच पुरली. किराणावाला म्हणाला, "साहेब, अशी चव आयुष्यात चाखली नाही." साहेबांनी घरी येऊन बाईंना सांगितलं, "तिघांची स्वतंत्र साक्ष आहे."

या साक्षींच्या जोरावर ते सार्वजनिक उद्यानात गेले. उद्यानात ओकची मोठी राई होती. तिथल्या बागप्रमुखाला त्यांनी नमुना दिला, योजना समजावली: सगळ्या राईखाली हे पाणी ओतायचं, दोन वर्षांनी गावातल्या कोणीही टोपली घेऊन यावं आणि फुकट राणी न्यावी. बागप्रमुखाने नमुना चाखला आणि रुमालाने तोंड पुसलं. मग म्हणाला, वरच्यांना विचारतो. वरच्यांनी नमुना चाखलेला नव्हता, त्यामुळे परवानगी लगेच मिळाली.

साहेबांनी परसात दोन पिंपं मांडली, पिकलेल्या टोप्या भिजत घातल्या. उद्यानाची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होती.

बाई भावाच्या खानावळीत गेल्या. मेहुण्याने ऐकून घेतलं.

"मला वाटलंच होतं. गुलाबी होती ती."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"बोललो की. मेणाचं व्याख्यान ऐकलं." तो काही वेळ टेबल पुसत राहिला. "ओतू दे ना, ताई. झाडाखाली नुसती उगवेल. लोक चाखतील, थुंकतील, सोडून देतील."

"आणि चौकशी करतील, कोणी लावली. एकदा मुळांना धरली की काढता येत नाही ती. राईभर त्यांच्या नावाने लोक थुंकत राहतील, आणि हे रोज संध्याकाळी तिथे फिरायला जातात."

"मग सांग त्यांना."

"तू सांग. तू मेहुणा आहेस, थट्टेचा मान तुझा."

"ही थट्टा आहे का?"

बाई उठल्या.

सकाळी साहेब पिंपं ढवळत होते. बाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"अहो, ते ओतू नका."

"का?"

"कडू आहे."

"काय कडू आहे?"

"तुमची अळंबी. पहिल्या दिवसापासून."

साहेबांनी काठी पिंपाला टेकवून ठेवली. "तू खाल्लीस."

"खाल्ली."

"दोन हंगाम खाल्लीस."

"हो."

"मग कडू कशी?"

"तुमच्या जिभेला कडू कळत नाही," त्या म्हणाल्या. "मला कळतं."

साहेबांनी काठी पुन्हा हातात घेतली, पण ढवळलं नाही. मग म्हणाले, "एकाच्या सांगण्यावरून मी कधी कोणाचं वजन जप्त केलेलं नाही."

"मग दुसरा बोलवा."

किराणावाल्याला निरोप गेला: साहेबांनी बोलावलंय, तपासणी आहे. तो घाईघाईने आला, आणि त्याच्या हातात दुकानातल्या सगळ्या वजनांची पिशवी होती. ती त्याने स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवली आणि घाम पुसला.

"वजनं नकोत. बसा," साहेब म्हणाले.

बाईंनी दोन बश्या ठेवल्या. एकीत दुकानातली पांढरी अळंबी, दुसरीत ओकखालची. दोन्ही एकाच लोण्यात पण वेगवेगळ्या कढईत परतलेल्या. आधी साहेबांनी खाल्लं. पहिली बशी सपक, दुसरी चांगली, असा निकाल दिला. मग बश्या किराणावाल्यापुढे सरकवल्या. पहिलीतला घास त्याने सहज खाल्ला. दुसरीतला तोंडात घेतला आणि साहेबांकडे बघत अगदी स्थिर बसून राहिला.

"थुंकायचं असेल तर थुंका."

त्याने मान हलवून नाही म्हटलं. तोंड बंदच होतं.

"बागेत जा."

किराणावाला बागेत गेला आणि बराच वेळ आला नाही. नळाचा आवाज येत राहिला. परत आला तेव्हा दारातच थांबला.

"खरं सांगू का, साहेब?"

"त्यासाठीच बोलावलंय."

"विषासारखी कडू आहे."

"मग गेल्या वेळी का नाही बोललात?"

"गेल्या वेळी तुम्ही दिली होती, साहेब. तपासणीला बोलावलं नव्हतं."

"अशी चव आयुष्यात चाखली नाही म्हणालात."

"ते खरंच होतं."

साहेबांनी मान डोलावली. किराणावाला पिशवी उचलून निघाला, तेवढ्यात साहेबांनी त्याला थांबवलं. ते काय विचारतायत हे बाईंना आधी कळलं नाही.

"माझ्या पेटीतली वजनं. ती बरोबर होती? का तिथेही असंच?"

किराणावाला क्षणभर गोंधळला. "ती बरोबरच होती, साहेब. तीच तर आमची अडचण होती." आणि गेला.

साहेबांनी पिंपं एकट्याने ओढत गटाराशी नेली आणि सावकाश रिकामी केली. बागप्रमुखाला फोन करून सांगितलं, माल नापास झाला, गाडी पाठवू नका. पलीकडे बागप्रमुखाने दुःख व्यक्त केलं, पण त्याला ते नीट जमलं नाही. मग साहेबांनी फावडं घेतलं आणि ओकखाली गेले. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. साहेबांनी फावडं मातीत घातलं, थोडं उकरलं, अळंबीच्या पांढऱ्या धाग्यांनी वेढलेलं एक मूळ दिसलं तसे थांबले आणि माती परत लोटली. फावडं धुऊन जागेवर ठेवलं.

पुढे काही दिवस साहेब जेवायला बसत, जे वाढलं जाईल ते खात आणि चव कशी आहे ते सांगत नसत. पूर्वी न विचारता सांगत. एका संध्याकाळी मध्येच म्हणाले, "दोन हंगाम का खाल्लीस?"

"पहिला हट्टाने."

"आणि दुसरा?"

बाई बटाटे सोलत होत्या. "तुम्ही झाडाखाली बसून एकटेच खात होता. खिडकीतून बघितलं."

"त्यात काय?"

"काही नाही. बरं वाटलं."

दुसऱ्या सकाळी साहेब बागेत गेले, दोन-तीन अळंब्या काढून आणल्या आणि ओट्यावर ठेवल्या. बाईंनी एक छोटी कढई वेगळी काढली. तेव्हापासून त्या घरात साहेबांची अळंबी वेगळी परतली जाते आणि साहेब ती एकटे खातात. लोणी भरपूर लागतं. "घरात कोणी वाटेकरी नाही असं एकच पक्वान्न आहे यांचं," मेहुणा म्हणतो. त्याला आता थट्टा करायला हरकत वाटत नाही.

कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला ओकचंच एक लहान झाड आहे, शेजाऱ्यांच्या हद्दीला लागून. त्याच्या मुळांवर अजून काही ओतलेलं नव्हतं. पुढच्या पानगळीत साहेबांनी टोपली काढली आणि बाईंना म्हणाले, "चल."

"कुठे?"

"जंगलात. चाखायला कोणीतरी लागेल."

"माझ्या भावाला न्या."

"तो भिडेने गोड म्हणेल."

बाईंना जंगलाची हौस नव्हती. चपलेत काटे जातात, पाय घसरतात, आणि बसायला जागा नसते. तरी त्या गेल्या. साहेब वाकून अळंबी शोधत, उलटी करून रंग बघत, तुकडा मोडत आणि बाईंच्या हातावर ठेवत. बाई चाखून थुंकत.

"कडू."

साहेब ती अळंबी टाकून पुढे जात. का, कशावरून, किती कडू, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. एक अळंबी त्यांनी जरा जास्त वेळ हातात धरली. खालून ती जवळजवळ हिरवट होती आणि फार सुबक होती.

"कडू," बाई म्हणाल्या.

तीही टाकली.

काही वेळाने बाई एका पडलेल्या खोडावर बसल्या. "आता मला काहीच कळत नाहीये. पाणीसुद्धा कडू लागतंय."

"मग थांबू."

"उशीर होईल."

"होऊ दे. अशा जिभेवर मी काही पास करणार नाही."

बाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं, पण साहेब गंभीरच होते. त्यांनी पिशवीतून पाव काढला, बाईंना दिला आणि शेजारी जागा करून बसले. बाईंनी अर्धा पाव सावकाश चावून खाल्ला, चूळ भरली, पुन्हा थोडा पाव खाल्ला. मग पदराने तोंड पुसून हात पुढे केला.

"द्या," त्या म्हणाल्या. "पुढची द्या."